राखीव नसलेला माणूस : आइस हॉकीच्या गोलरक्षकाचा पेशा

आइस हॉकीत प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. त्यांपैकी पाच जण मिनिटभर जीव तोडून धावतात, बाकावर येऊन टेकतात आणि त्यांच्या जागी दुसरे पाच जण बर्फावर उडी घेतात. सहावा जागचा हलत नाही. त्याच्या पाठीशी 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच गोलचौकट असते आणि समोरून 'पक' येतो. पक म्हणजे कठीण रबराची 3 इंच व्यासाची, इंचभर जाड, साडेपाच ते सहा औंस वजनाची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. तेव्हा अंगावर आदळते ती रबराची वस्तू दगडापेक्षा फारशी मऊ नसते. हा सहावा माणूस म्हणजे गोलरक्षक. त्याच्या पेशाच्या इतिहासात साधनांच्या, नियमांच्या आणि तंत्राच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच साधा हिशेब सापडतो : कित्येक दशके संघाकडे गोलरक्षक एकच असे, आणि त्याच्या जागी उभे करायला दुसरा कोणी नसे.

3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छपराखाली पहिला नोंदलेला सामना झाला, तेव्हा प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते. गोलपाशी उभा राहणारा गडी इतरांसारखीच काठी घेऊन, इतरांसारख्याच कपड्यांत उभा असे. पायांचे रक्षण करण्याची कल्पना क्रिकेटकडून आली. फेब्रुवारी 1896 मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाज संघाने माँट्रियलला येऊन हॉकीतला सर्वांत मानाचा स्टॅन्ली करंडक जिंकला, त्या सामन्यात त्यांचा गोलरक्षक 'व्हाइटी' मेरिट पायांना क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला होता. पुढची पंचवीसएक वर्षे हेच पॅड चालले. क्रिकेटचा पॅड मात्र नडगीच्या आकाराने गोल वळलेला असतो. त्यावर आदळलेला पक भलत्याच दिशेला, कधी थेट स्वतःच्या गोलमध्ये, उडे. हॅमिल्टन गावातला एमिल केनेस्की हा घोड्यांचे साज शिवणारा कारागीर. त्याने 1920 च्या दशकात चामड्याचे रुंद, सपाट पॅड शिवायला घेतले. पुढच्या पन्नासएक वर्षांतल्या बहुतेक नामवंत गोलरक्षकांच्या पायांवर त्याच्या दुकानाचे काम होते. त्यात केस आणि कापूस ठासलेला असे. सामना संपेपर्यंत पॅड बर्फाचे पाणी पीत राहत, आणि शेवटच्या सत्रात गोलरक्षक ओल्या गाद्या बांधून हिंडल्यासारखा वावरे.

पाय झाकले गेले, तरी नियम त्याच्या बाजूने नव्हते. चेंडूफळीच्या खेळात यष्टिरक्षकाने वाकू नये असे म्हणण्यासारखाच एक नियम होता : पक अडवताना गोलरक्षकाने उभेच राहिले पाहिजे, बर्फावर पडला तर दंड. ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट हा नियम मोडण्यात तरबेज होता. तो घसरल्यासारखे करून गुडघ्यांवर येई आणि पंचांना अपघात वाटावा अशी मुद्रा धारण करी; टोरोंटोचे प्रेक्षक त्याला 'प्रार्थना करणारा बेनी' म्हणून चिडवत. अखेर जानेवारी 1918 मध्ये नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, हार मानली आणि गुडघे टेकायला परवानगी दिली. लीग स्थापन होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. गोलरक्षणाचे आजचे सगळे तंत्र गुडघ्यांवर उभे आहे हे लक्षात घेतले, तर बेनेडिक्टच्या लबाडीचे मोल कळते.

दुसरा नियम याहून विचित्र होता. गोलरक्षकाला शिक्षा झाली की ती त्यानेच शिक्षेच्या बाकावर बसून भोगायची, आणि तोवर संघातल्या कोणीतरी त्याची जागा घ्यायची. 1923 च्या स्टॅन्ली करंडकाच्या अंतिम लढतीत बेनेडिक्टला दोन मिनिटांची शिक्षा झाली, तेव्हा जाता जाता त्याने आपली काठी किंग क्लॅन्सी या विशीतल्या पोराच्या हातात दिली. क्लॅन्सीने दोन मिनिटे गोल राखला, आणि त्या एका सामन्यात तो सर्व जागांवर खेळल्याची नोंद झाली. ही गोष्ट हौसेने सांगितली जाते, पण तिचा दुसरा अर्थ असा की संघाकडे दुसरा गोलरक्षक नव्हता.

या एकटेपणाचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे जॉर्ज व्हेझिना. क्युबेक प्रांतातल्या शिकुटिमी गावी 1887 मध्ये जन्मलेला हा माणूस 1910 मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सकडे आला. तो इतका शांत, की 'काकडीसारखा थंड' या इंग्रजी वाक्प्रचारावरून आणि गावावरून त्याला 'शिकुटिमीची काकडी' हे नाव पडले. त्याला बावीस मुले होती अशी दंतकथा वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे चालवली. प्रत्यक्षात त्याचे दोन मुलगे जगले. मात्र त्याच्याबद्दलची दुसरी अविश्वसनीय गोष्ट खरी आहे : पंधरा वर्षांत त्याने एकही सामना चुकवला नाही. लीगचे 328 आणि बाद फेरीचे 39 सामने तो सलग खेळला. 28 नोव्हेंबर 1925 रोजी अंगात सडकून ताप असताना तो पिट्सबर्गविरुद्ध उभा राहिला. पहिल्या सत्रानंतर त्याला बाहेर काढावे लागले. निदान क्षयाचे निघाले, आणि 27 मार्च 1926 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो वारला. पुढच्या हंगामापासून त्याच्या नावाचा करंडक सुरू झाला. तो ज्या संघावर सर्वांत कमी गोल होतील त्याच्या गोलरक्षकाला मिळे. इतकी आजारी व्यक्ती खेळायला उतरलीच कशी, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही. निष्ठा म्हणून तिचे कौतुकच झाले.

7 एप्रिल 1928 च्या रात्री माँट्रियलमध्ये एकाच गोलरक्षकाचा हा हिशेब उघडा पडला. न्यूयॉर्क रेंजर्स आणि माँट्रियल मरून्स यांच्या अंतिम लढतीचा दुसरा सामना चालू होता. रेंजर्सचा गोलरक्षक लॉर्न शाबो याच्या डोळ्यावर पक बसला आणि तो इस्पितळात गेला. प्रेक्षकांत ओटावाचा गोलरक्षक अ‍ॅलेक कॉनेल बसला होता. त्याला खेळवू द्या, ही विनंती मरून्सनी नाकारली. मग रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक यांनी स्वतःच पॅड बांधले. वय 44, केस पिकलेले. त्यांनी एकच गोल होऊ दिला, रेंजर्स जादा वेळेत 2-1 ने जिंकले आणि पुढे करंडकही त्यांनाच मिळाला. हॉकीच्या लोककथांत या रात्रीला मानाचे स्थान आहे. लीगने त्यातून धडा मात्र घेतला नाही. दोन गोलरक्षक सक्तीचे व्हायला आणखी सदतीस वर्षे जावी लागली.

1942 ते 1967 या काळात एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. म्हणजे अख्ख्या उत्तर अमेरिकेत या पेशातल्या पहिल्या दर्जाच्या नोकऱ्या सहा. खालच्या लीगांत शेकडो जण या सहा जागांकडे डोळे लावून बसलेले. जखमी झालेल्याला ड्रेसिंग रूममध्ये नेऊन टाके घालत, सामना वीसएक मिनिटे थांबे आणि तोच माणूस परत येऊन उभा राही. अगदीच जमेना तर यजमान संघाने ठेवलेला एखादा हौशी राखीव उतरे, मग तो कोणत्याही बाजूला लागो. डेट्रॉइटचा सहायक ट्रेनर 'लेफ्टी' विल्सन असा तीन वेगवेगळ्या संघांकडून एनएचएलमध्ये खेळला, आणि त्यांतून दोनदा आपल्याच मालकाच्या संघाविरुद्ध.

अशा बाजारात कोणाला दुखते म्हणण्याची सोय नव्हती. डेट्रॉइटच्या टेरी सॉचकने थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर त्याचे पॅड बांधायला घेतले होते. 103 शटआउट, म्हणजे एकही गोल न देता काढलेले सामने, ही त्याची कमाई. चेहऱ्यावर सुमारे 400 टाके हीही. शिकागोचा ग्लेन हॉल 1955 ते 1962 या काळात सलग 502 सामने खेळला, तेही उघड्या चेहऱ्याने. सामन्याआधी त्याला ओकारी होत असे, जवळजवळ दर वेळी. तो ओकून यायचा आणि मग अप्रतिम खेळायचा. आज हा विक्रम मोडण्याचा विचारही कोणी करत नाही, कारण कोणताही शहाणा संघ एका गोलरक्षकाला असे राबवणार नाही.

चेहरा झाकण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. 1927 मध्ये किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाच्या महिला संघाची एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा घालून खेळली. 1930 मध्ये मरून्सकडे गेलेल्या बेनेडिक्टला होवी मोरेंझच्या फटक्याने नाक-गालाला जबर दुखापत झाली, तेव्हा तो चामड्याचा मुखवटा लावून उतरला. पण नाकावरच्या जाड पट्टीमुळे खालचा पक दिसेना, म्हणून त्याने तो काढून टाकला. 1936 च्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या तेइजी होन्मानेही मुखवटा वापरला. एनएचएलमध्ये मात्र दोन समजुती पक्क्या झाल्या : मुखवट्याने नजर अडते, आणि मुखवटा घालणारा भित्रा असतो. पहिलीत तथ्य होते. दुसरी मालक आणि प्रशिक्षकांच्या सोयीची होती, आणि सॉचक-हॉलसारखे गोलरक्षक स्वतःही ती मानत होते.

ही समजूत मोडणारा झाक प्लांत 17 जानेवारी 1929 रोजी क्युबेकमधल्या एका खेड्यात जन्मला आणि शाविनिगन फॉल्स या कारखान्यांच्या गावात वाढला. अकरा भावंडांतला तो थोरला. त्याला दमा होता. फार वेळ स्केटिंग केले की धाप लागे, म्हणून तो गोलमध्ये उभा राहू लागला. पहिले पॅड वडिलांनी बटाट्याच्या गोणपाटात भरण घालून, फळ्यांचा आधार देऊन करून दिले. घरात पैसा नव्हता. आईने त्याला विणकाम शिकवले आणि तो स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणू लागला. ही सवय जन्मभर टिकली. दौऱ्यावर सहकारी पत्ते कुटत असताना संघाचा गोलरक्षक सुया घेऊन विणत बसलेला असे. पंधराव्या वर्षी तो गावच्या कारखान्याच्या संघातून खेळत होता. फुकट कशाला खेळतोस, असे वडिलांनी सुचवल्यावर त्याने मोबदला मागितला. सामन्याला 50 सेंट ठरले, अट एवढीच की इतरांना सांगायचे नाही. या धंद्यात आपली किंमत काय आहे, हे त्याला इतक्या लवकर कळले होते.

कॅनेडियन्सकडे तो 1952-53 च्या हंगामात आला. प्रशिक्षक डिक अर्व्हिनने आधी डोक्यावरची विणलेली टोपी उतरवायला लावली. त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत संघ शिकागोविरुद्ध 3-2 असा मागे पडलेला असताना अर्व्हिनने नेहमीच्या जेरी मॅकनीलऐवजी या नवख्याला उतरवले. प्लांतने पहिल्याच सामन्यात शटआउट दिला, संघ दोन्ही सामने जिंकला आणि पुढे करंडकही घेऊन गेला. 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली करंडक कॅनेडियन्सकडे राहिला. तो पराक्रम पुन्हा कोणाला जमलेला नाही. त्या पाचही हंगामांत व्हेझिना करंडक प्लांतचा होता.

त्याचा खेळ जुन्या जाणत्यांना बेशिस्त वाटे. गोलची रेषा सोडून तो थेट चौकटीच्या मागे जाई, भिंतीवर आपटून फिरणारा पक थांबवी आणि आपल्या बचावपटूसाठी ठेवून परत येई. तोवर हे काम दमलेल्या बचावपटूला पाठमोरे धावून करावे लागे. तो आतून ओरडून सहकाऱ्यांना सूचना देई, विरोधी फटकेबाजांच्या सवयींची टिपणे ठेवी. शिकागो, बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या गोलचौकटींचे आडवे खांब इतर ठिकाणांपेक्षा खाली आहेत, अशी तक्रार त्याने केली तेव्हा सगळे हसले. मोजमाप केल्यावर तो बरोबर निघाला. पुढे प्रशिक्षक झालेल्या टो ब्लेकला हा माणूस जिंकून देतो हे मान्य होते आणि तरी सहन होत नव्हता. मधूनच उफाळणारा दमा, हॉटेल बदलून मागण्याची सवय, प्रत्येक गोष्टीवर मत : ब्लेकच्या दृष्टीने हा गोलरक्षक अति विचार करणारा होता.

त्याच सुमारास फटक्याची जात बदलली. बर्नी जॉफ्रिऑन, बॉबी हल अशा खेळाडूंनी काठी खांद्यामागे नेऊन मारण्याचा 'स्लॅप शॉट' रूढ केला. काठीची पातीही वाकवली जाऊ लागली. पक अधिक वेगाने आणि हवेत वळत येऊ लागला. गोलपुढे खेळाडूंची गर्दी वाढली, आणि त्या गर्दीतून न दिसता येणारा पक सगळ्यांत घातक ठरला. सरावातच प्लांतची गालाची हाडे मोडली होती आणि सायनसची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून ब्लेक त्याला सरावापुरता मुखवटा घालू देई. 1958 मध्ये बाद फेरीच्या सामन्यात त्याच्या कपाळावर पक बसलेला बिल बर्चमोर नावाच्या गृहस्थाने पाहिला. तो फायबरग्लासच्या कंपनीत नोकरीला होता. चेहऱ्याचा साचा घेऊन त्याबरहुकूम पातळ, हलके कवच करता येईल असे त्याने प्लांतला कळवले. चेहऱ्याला चिकटून बसत असल्यामुळे हे कवच नजर फारशी अडवत नव्हते. बेनेडिक्टच्या मुखवट्यातली अडचण अशी तीस वर्षांनी सुटली.

1 नोव्हेंबर 1959. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सामना सुरू होऊन तीनएक मिनिटे झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या नाकाजवळ बसला आणि बर्फ लाल झाला. त्याआधी प्लांतने पुढे येऊन बाथगेटला पाडले होते. तो फटका आपण मुद्दामच तोंडाकडे मारला, असे बाथगेटने पुढे सांगितले. प्लांत आत गेला, टाके पडले. परत येईन तर मुखवटा घालूनच, असे त्याने ब्लेकला बजावले. ब्लेककडे दुसरा गोलरक्षक असता तर प्लांतला बाकावर बसवून त्याने हा प्रश्न मिटवला असता. तो नव्हता. मालकांनी पैसे वाचवण्यासाठी राखलेली कमतरता त्या रात्री गोलरक्षकाच्या उपयोगी पडली. प्लांत मांसाच्या रंगाचा, डोळ्यांपुरती भोके असलेला तो चेहरा लावून बर्फावर आला आणि कॅनेडियन्स 3-1 ने जिंकले.

जखम भरेपर्यंतच चालेल, असे ब्लेकचे म्हणणे होते. पण संघ हरेचना. न हरण्याची मालिका 18 सामन्यांपर्यंत पोचली, आणि जिंकणाऱ्या गोलरक्षकाचा मुखवटा काढायचा कोणत्या तोंडाने? 8 मार्च 1960 रोजी ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांत डेट्रॉइटविरुद्ध उघड्या चेहऱ्याने खेळला. संघ 3-0 ने हरला. पुढच्या सामन्यापासून मुखवटा परत आला, आणि बाद फेरीतले आठही सामने कॅनेडियन्सनी जिंकले. बेनेडिक्ट, होन्मा किंवा ग्रॅहम यांच्यापेक्षा प्लांत अधिक धाडसी होता असे म्हणता येणार नाही. त्याला जे जमले ते जगातल्या सर्वांत चांगल्या संघाच्या जोरावर जमले. भित्रा म्हणून हिणवायला तो एकदा तरी हरायला हवा होता.

1962 मध्ये प्लांतला लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक मिळाला. तरी ब्लेकचा संयम संपला, आणि जून 1963 मध्ये त्याला रेंजर्सकडे देऊन टाकण्यात आले. तिथले दिवस वाईट गेले. 1965 मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत राष्ट्रीय संघ माँट्रियलला आला, तेव्हा कुमार गटाच्या पोरांच्या मदतीला हा निवृत्त माणूस उतरला आणि 2-1 ने जिंकून परत घरी गेला.

1965 याच वर्षी लीगने प्रत्येक सामन्याला दोन गोलरक्षक तयार ठेवणे बंधनकारक केले. 1967 मध्ये संघ सहाचे बारा झाले. दोन वर्षांत सहाच्या जागी चोवीस नोकऱ्या! म्हाताऱ्या गोलरक्षकांचे दिवस पालटले. नव्या सेंट लुईस ब्लूज संघाने 1968 मध्ये चाळिशीला आलेल्या प्लांतला ग्लेन हॉलच्या जोडीला आणले. दोघांनी आलटून पालटून खेळत 1969 चा व्हेझिना करंडक वाटून घेतला. प्लांतचा तो सातवा. त्याच हंगामात हॉलनेही अखेर मुखवटा चढवला. 1970 च्या अंतिम लढतीत बोस्टनच्या खेळाडूचा वळलेला पक प्लांतच्या कपाळावर बसला. मुखवटा तडकला आणि तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर आपण मेलो असतो, असे त्याने सांगितले. नंतर टोरोंटो, बोस्टन आणि प्रतिस्पर्धी लीगमधले एडमंटन असा प्रवास करत तो 1975 पर्यंत खेळला. मध्यंतरी, सप्टेंबर 1972 मध्ये, कॅनडा-सोव्हिएत मालिकेच्या पहिल्या सामन्याआधी तो दुभाषा घेऊन सोव्हिएत खोलीत गेला आणि वीस वर्षांच्या व्लादिस्लाव ट्रेटियाकला कॅनडाचे कोणते खेळाडू कसे मारतात हे समजावून सांगितले. त्याला या पोराची दया आली होती म्हणतात. त्या रात्री कॅनडा 7-3 ने हरला. 1986 मध्ये प्लांत स्वित्झर्लंडमध्ये वारला.

मुखवट्याशिवाय खेळणारा एनएचएलचा शेवटचा गोलरक्षक पिट्सबर्गचा अँडी ब्राउन. त्याचा तसा शेवटचा सामना 7 एप्रिल 1974 चा. तोवर बोस्टनचा जेरी चीव्हर्स एक पाऊल पुढे गेला होता. मुखवट्यावर पक लागला की जिथे टाके पडले असते तिथे तो काळ्या रंगाने टाके रंगवून घेई. फायबरग्लासच्या कवचालाही मर्यादा होती. फेब्रुवारी 1979 मध्ये फिलाडेल्फियाच्या बर्नी पॅरेंटच्या मुखवट्यातल्या डोळ्याच्या भोकातून काठीचे टोक आत गेले आणि त्याची कारकीर्द संपली. त्यानंतर डोळ्यांसमोर तारांची जाळी असलेले मुखवटे सर्वत्र आले. मार्च 1989 मध्ये बफेलोच्या क्लिंट मालार्चकचा गळा स्केटच्या पात्याने चिरला गेला. ट्रेनरने रक्तवाहिनी बोटांनी दाबून धरल्यामुळे तो वाचला, आणि गळ्याचे संरक्षकही रूढ झाले.

चेहरा सुरक्षित झाल्यावर तंत्र बदलले. पूर्वी डोके पकाच्या वाटेत आणणे मूर्खपणाचे होते, म्हणून उभे राहून पायाने-काठीने अडवत. आता गुडघे जुळवून, पोटऱ्या दोन्हीकडे फाकवून चौकटीचा तळ झाकता येऊ लागला. हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी रुजवलेली ही 'बटरफ्लाय' पद्धत 1986 मध्ये विसाव्या वर्षी स्टॅन्ली करंडक जिंकणाऱ्या पॅट्रिक रॉयने पेशाचा कायदाच करून टाकली. मार्टिन ब्रोडरने 691 विजय आणि 125 शटआउटपर्यंत मजल मारली. चौकटीमागे जाऊन पक खेळण्यात तो इतका वाकबगार होता, की 2005 मध्ये लीगने गोलरक्षकाला त्या भागात मर्यादा घातली. त्याच वर्षी पॅडची रुंदीही 12 इंचांवरून 11 वर आणली.

दोन गोलरक्षकांची सोय होऊनही कधी कधी ती अपुरी पडते. 22 फेब्रुवारी 2020 रोजी टोरोंटोत कॅरोलायना हरिकेन्सचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यात जखमी झाले. नियमाप्रमाणे यजमानांनी ठेवलेला आपत्कालीन राखीव उतरला : डेव्हिड एअर्स, वय 42, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला, एकेकाळी रिंकचा बर्फ साफ करणारे यंत्र चालवणारा. पहिले दोन फटके आत गेले. पुढचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलायना 6-3 ने जिंकली. त्या रात्रीची त्याची काठी टोरोंटोच्याच हॉकी हॉल ऑफ फेमने मागून घेतली.